सिस्टमवर बिल्ला कोणाचा?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरीण मॅडमइतकी प्रश्न विचारणारी बाई अख्ख्या रायपुरात दुसरी सापडणार नाही. कायद्याच्या कॉलेजात शिकवतात. इतक्या वर्षांत अभ्यास एकच: मशीन माणसासारखं ठरवायला लागलं, तर चुकलं तेव्हा धरायचं कोणाला? मी सातवी नापास, इथल्याच उरला कारखानापट्टीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये जन्म घालवलेला. पहिल्याच दिवशी तोंडावर म्हणालो, "यात काय शिकायचं मॅडम? ज्यानं बटन दाबलं, त्याले धरा." त्यांनी जिन्यातच वही काढली.

ती वही भाजीच्या पिशवीतही असते. गोल बाजारातून कोथिंबीर विसरून येतील, पण दुकानदाराला मोबाइलनं काय भाव सुचवला ते लिहून आणतील. एका ऑटोवाल्याला विचारलं, "भैया, ये रास्ता आपने चुना या फोन ने?" तीनदा विचारल्यावर तो म्हणाला, "दीदी, आप उतर जाओ." उतरल्या, आणि तेही लिहून घेतलं.

मीच त्यांना मिलची रीत सांगितली. दुरुस्तीसाठी आत शिरणारा आपल्या नावाचा पत्र्याचा बिल्ला स्विचवर टांगतो. तो स्वतः काढत नाही तोवर साहेबानंही मशीन सुरू करायचं नाही. माझी बायको मी घरी आलो की आधी खिसा चाचपायची. बिल्ला हाताला लागला म्हणजे माणूस मशीनबाहेर; मगच चहा ठेवायची.

मी रिटायर झालो, तरी बिल्ला खिशातच राहिला. मग ती गेली. कागदांवरून तिचं नाव काढायला मृत्यूचा दाखला पेन्शनच्या ऑफिसात दिला, तर कॉम्प्युटरनं तिच्यासोबत मलाही मेलेल्यांत टाकलं. पेन्शन बंद. मॅडम सोबत आल्या. बाबू म्हणाला, "सिस्टम ने किया है." मी घरी निघायला उठलोच. खरं सांगतो, मशीनचं फार चुकलं असं मला वाटलं नव्हतं.

मॅडमनी मला हाताला धरून परत बसवलं. "सिस्टम पर बिल्ला किसका टंगा है? वो आए, और काका के सामने बोले कि ये नहीं रहे." नाव निघायला दुपार झाली. शेवटी एक चष्मेवाला साहेब आला, माझ्याकडे न बघता सही करून गेला. मी पुन्हा जिवंत झालो.

वाटेत मी म्हणालो, "काहून एवढं भांडलात? कोणासाठी जगून राहिलो मी?" त्या दिवशी वही बाहेर निघाली नाही.

आता रोज संध्याकाळी जिन्यातून हाक येते, "काका, बिल्ला?" मी खिशातला बिल्ला किल्ल्यांवर वाजवून दाखवतो. मग वरून चहा येतो. पाणचट असतो. तसं तोंडावर सांगतो, आणि कप रिकामा करून देतो.