यल्लाप्पानं शपथ मोडली नव्हती

ये गं शोभा, अशी जवळ बस. लांबून मान डोलवू नकोस, रागावलेय मी तुझ्यावर. परवा फोनवर काय म्हणालीस? येत्या अमावस्येला नवऱ्याला देवळात नेणार, बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायला लावणार आणि त्या दिवसापासून दारू बंद. डॉक्टरला विचारलंस? न्हाईस. मग आधी यल्लाप्पाचं ऐक.

बेळगावजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात माझा जन्म गेला. सातवी शिकलेली बाई मी, आया म्हणून लागले आणि बघून बघून शिकले. आता वॉर्ड माझ्याकडं असतो. पेशंट आक्का म्हणतात.

यल्लाप्पा उचगावचा. खडेबाजारात शर्ट शिवायचा. सकाळी दोन घोट घेतल्याशिवाय त्याचा हात थिर व्हायचा नाही. एका दुपारी त्याला रिक्षातून आणलं. मनगटं दोरीनं बांधलेली, गालावर पाच बोटं उठलेली. सोबत थोरला भाऊ परशराम, हायस्कूलात मास्तर.

"आक्का, अ‍ॅडमिट करून घ्या ह्याला. देवाला फसवलंय ह्यानं."

"म्हंजे?"

"सोमवारी आमच्यासमोर भंडारा उचलला. आज बुधवार. बघा की, थरथर कापतोय. अंगावर मुंग्या चढल्यात म्हणतोय. चोरून प्यालाय, म्हणून भंडारा उलटला त्याच्यावर."

"कोण म्हणतंय प्यालाय?"

"सगळा गाव म्हणतोय."

"गावानं तोंडाचा वास घेतला? तुम्ही तरी घेतला?"



मी वाकून वास घेतला. तोंड कोरडं पडलेलं, दारूचा मागमूस नाही. सदरा घामानं भिजलेला. यल्लाप्पा हळूच म्हणाला, "आक्का, सोमवारपासनं थेंब घेतला न्हाय. एवढ्या मुंग्या तेवढ्या हाकला."

माझं डोकं तापलं ते तिथं. अगं, त्यानं शपथ पाळली होती म्हणूनच त्याची ही दशा झाली होती. ह्याला आम्ही विड्रॉवल म्हणतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारू धरूनच चालायला शिकलेलं असतं. ती एकदम काढून घेतली की ते बिथरतं. हात कापतात, झोप उडते, नसलेलं दिसतं. काहींना फिट येते. माणूस जातोही त्यात. आणि ह्यांनी त्याला दोरीनं बांधून खोटारडा म्हणून मारलं होतं.

मी दोरी सोडत होते तेवढ्यात बाकावरच त्याला फिट आली. मास्तरांनी खिशातून कांदा काढला आणि फोडून नाकाला लावायला धावले. म्हणजे खिशात कांदा होता, फिट येणार हे ठाऊक होतं, तरी डॉक्टर सुचला नव्हता. मी कांदा हिसकावून फेकला. यल्लाप्पाला कुशीवर केलं, तोंडात काही घालू दिलं नाही आणि डॉक्टर मॅडमना हाक मारली.

मॅडमनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. मग मास्तरांकडं वळल्या. "आणखी उशीर केला असता तर?"

पहिले आठ-दहा दिवस डिटॉक्स. म्हणजे डॉक्टरच्या नजरेखाली, औषधाच्या आधारानं दारू उतरवायची. दहाव्या दिवशी यल्लाप्पा स्वतःच्या हातानं चहा प्याला, सांडला नाही. त्याच दिवशी मास्तर हजर.

"आता बरा दिसतोय. न्हेतो घरी. अमावस्येला परत भंडारा उचलतो म्हंजे झालं."

"परत?" मी म्हटलं, "एकदा उचलून पोट भरलं न्हाई काय तुमचं?"

"तसं न्हवं आक्का, अंगातली गेली न्हवं आता?"

"अंगातली गेली. संध्याकाळी दुकान बंद झालं की पाय जिकडं वळतात, ते आवरायला कोण शिकवणार? तुमचा कांदा?"

त्यासाठीच ठेवून घेतो आम्ही. काउन्सेलिंग असतं, ग्रुपमध्ये बसून बोलायचं असतं, घरच्यांनाही बोलावतात. घरच्यांनाच जास्त शिकवावं लागतं, हा माझा अनुभव.

यल्लाप्पा खाटेवरून म्हणाला, "आण्णा, मी ऱ्हातो हितं. तू एवढंच कर. ज्या देवळात मला खोटा म्हणलास, तिथंच सांग की मी प्यालो न्हवतो."

"सांगतो की," मास्तर म्हणाले.

यल्लाप्पा तीन महिने राहिला. पुढं एकदा घसरला, पण स्वतःच्या पायानं परत आला, कुणी बांधून आणला नाही. आता परत शर्ट शिवतोय. मास्तरांनी देवळात अजून काही सांगितलेलं नाही. भेटले की म्हणतात, सवड झाली नाही. गावात आजही यल्लाप्पावर भंडारा उलटला असंच बोलतात. म्हणून सांगते मी हे.

शपथेला माझी ना नाही. पण आधी डॉक्टर, मग देऊळ. देव थांबतो, फिट थांबत नाही.

तेव्हा शोभा, नवऱ्याची दारू आपल्या मनानं तोडू नकोस. आहे तसा, अमावस्येच्या आधी त्याला केंद्रात घेऊन ये. मी दारातच बसलेली असते. लवकर ये गं.