मतपेटीतला चष्मा

हुबळीला विद्यानगरातल्या एका शाळेत मी गणित शिकवत असे. त्यामुळे हा माणूस कामाला चोख असणार, असा सरकारचा समज होता. निवडणूक आली की माझ्या नावाचा हुकूम ठरलेला. ऐंशीच्या आसपासच्या एका निवडणुकीत तर मला बढती मिळाली आणि मी थेट मतदान केंद्राध्यक्ष झालो. कमरीपेठेतल्या आमच्या गल्लीत ही बातमी मी इतक्या जणांना सांगितली, की शेजारच्या अक्कांनी बायकोला विचारलं, "तुमचे मालक इलेक्शनला उभे राहिलेत होय?"

केंद्र मिळालं अळनावरच्या पुढच्या एका खेड्यातल्या शाळेत. सकाळी दार उघडायच्या आधीच बाहेर रांग लागली होती. शेतावर जायच्या आधी मत टाकून मोकळं व्हायचं, असा बायकांचा बेत. आत उमेदवारांचे दोन एजंट येऊन बसले. एक गावच्या गौडांचा, म्हणजे पाटलांचा, पुतण्या. गौडा स्वतः उभे नव्हते, पण कुणाला निवडून आणायचं ते त्यांनी ठरवलं होतं. दुसरा विरोधी बाजूचा, गावातलाच एक तरणा शिंपी. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, त्यामुळे दोघंही माझ्याकडेच बघत होते.

पेटी रिकामी असल्याचं एजंटांना दाखवून मगच ती बंद करायची, असा नियम.

"सर, नीट दाखवा. तळ दिसत नाही," शिंपी म्हणाला.

"माझ्या डोक्याइतकी रिकामी आहे," म्हणत मी पेटी उजेडाकडे कलती केली. पुतण्यानं आत हात फिरवून बघितला. समाधान झालं. पेटीतली सगळी धूळ मात्र माझ्या चष्म्यावर आली. मी चष्मा काढून पुसला, रुमालात गुंडाळला आणि ठेवायला जागा शोधू लागलो. टेबलावर लाख, मेणबत्ती, शाई, दोरा, कागद यांची नुसती गर्दी. समोर एकच रिकामं भांडं होतं. मी रुमाल त्यात ठेवला. ते भांडं म्हणजे मतपेटी, हे ध्यानात यायला डोकं ठिकाणावर असावं लागतं.

एजंट पेटी मोहरबंद करायच्या हिरव्या कागदी पट्टीवर सह्या करण्यात गुंतले होते. ती पट्टी आत सरकवून मी झाकण लावलं, दोरा बांधला, लाखेची मोहर उठवली आणि भारदस्त आवाजात मतदान सुरू झाल्याचं जाहीर केलं.

रांगेत पहिली होती एक म्हातारी. बोटाला शाई लावून घेतली, अंगठा उठवला, पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती कागदाची अगदी सुपारीएवढी घडी करून. घडी पेटीत ढकलली आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली. मागं रांगेत तिची सून होती.

आता पहिली नोंद करावी म्हणून मी खिशात हात घातला. चष्मा नाही. टेबलाखाली नाही. डोक्यावर नाही. लांबचं मला छान दिसे, पण जवळची अक्षरं म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. तेवढ्यात आठवलं, चष्मा रुमालासकट पेटीत. असल्या प्रसंगी काय करावं हे सांगणारं सरकारी पुस्तक माझ्यासमोरच होतं. ते वाचायला चष्मा लागत होता.

एजंटांना सांगितलं, तर आधी दोघंही पोट धरून हसले. सकाळपासून त्यांचं एकमत झालं ते माझ्या गाढवपणावर. मग पुतण्या म्हणाला, "सर, त्यात काय एवढं? एकच तर मत पडलंय. उघडा, चष्मा घ्या, मत परत टाका. तुमच्याकडं पट्टी जादाची आहे की. आम्ही दोघं परत सह्या करतो. काय रे?"

शिंप्यानंही मान हलवली. मला दोघं देवमाणसं वाटली. रांग थांबवली आणि मोहर फोडायला हात घातला.

"काय करतासा सायेब?" पायरीवरची म्हातारी दारात येऊन उभी राहिली होती.

"काही नाही आज्जी, पेटी जरा उघडतोय."

"माझा कागद हाय त्यात!"

"तुमचा कागद कुठं जात नाही. चष्मा काढतो, कागद परत टाकतो, पेटी बंद."

"आणि कागद बघणार कोण?"

"कोण बघणार? मला तर चष्म्याशिवाय जवळचं काही दिसतच नाही."

"तुमाला दिसत न्हाई वो," म्हातारी म्हणाली, "ह्यांना दिसतंय की!"

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. पुतण्याही हसला. "अगं आज्जी, तू तर आमचीच. घर आमच्या परड्यात, काम आमच्या शेतात. तुझं मत कुणाला, ते बघायला पेटी कशाला उघडायला पाहिजे?"

म्हातारी मात्र हसली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली. मघाशी सांगितलं ना, लांबचं मला छान दिसायचं. तिचं तोंड मला स्वच्छ दिसलं. त्या पेटीत मत एकच होतं, आणि ते कुणाचं हे अख्ख्या खोलीला ठाऊक होतं. झाकण उघडलं असतं तर संध्याकाळी तिला त्या परड्यातल्या घरात शिरता आलं असतं की नाही, कोण जाणे. आणि मी ते उघडणार होतो एका चष्म्यासाठी, दोन्ही पक्षांच्या संमतीनं, कागदोपत्री सगळं नीट करून.

मी हात मागं घेतला. "पेटी उघडायची नाही," म्हणालो. आयुष्यात क्वचितच इतक्या शहाण्यासारखं बोललो असेन, आणि तेही दुसऱ्यानं शिकवलेलं.

"मग दिवसभर लिहिणार कसं?" पुतण्यानं विचारलं आणि लगेच खिशातून गौडांचा वाचायचा चष्मा काढला. काकांनी दुरुस्तीला दिला होता म्हणे.

शिंपी ताडकन उठला. "गौडांच्या चष्म्यातून इलेक्शन? चालणार नाही, सर!"

पुन्हा हशा. शेवटी बंदोबस्तावरच्या हवालदारानं आपला चष्मा दिला. त्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा बांधलेला; तो कानाला गुंडाळून मी दिवसभर बसलो. येणारा प्रत्येक मतदार आधी मला बघून हसे आणि मग मत टाके. दुपारी जेवण गौडांच्या घरून आलं, चहा शिंप्याकडून, आणि चष्म्याचं प्रकरण केंद्राच्या नोंदवहीत लिहिलं तेव्हा दोघांनी कुरकुर न करता खाली सह्या केल्या. कुणी तक्रार केली असती तर माझी नोकरी गेली असती. त्या गावचं मी फार देणं लागतो. म्हातारीचं तर काय सांगावं? सून मत टाकून बाहेर येताच तिला घेऊन ती शेतावर निघून गेली. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

मोजणी धारवाडला. तिथंही माझी नेमणूक होतीच. माझी पेटी टेबलावर उलटी केली, आणि कागदांच्या ढिगावर माझा रुमाल येऊन पडला. मोठे साहेब नोंद वाचून आधीच तयार होते. "घ्या मास्तर, तुमचा उमेदवार निवडून आला," म्हणाले. सगळं दालन हसलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मी रुमाल उचलला. त्याच्या चुणीत एक कागद अडकला होता. घट्ट, सुपारीएवढी घडी. तशी घडी आणखी कुणी घातली असेल, नसेल. पण खरं सांगतो, ती उघडून बघायचा मोह झाला. कुणाला कळणार होतं? शेजारी एक भलं मोठं पिंप होतं. कुठल्या गावानं कुणाला मत दिलं हे कळू नये म्हणून बऱ्याच गावांचे कागद त्यात एकत्र कालवायचे, मग मोजायचे. आमच्या पेटीतले कागद नुसते गणून गठ्ठे बांधणं चाललं होतं.

मी ती घडी तशीच बाकीच्या कागदांत सरकवली. गठ्ठे बांधून झाले, पिंपात पडले, शिपायानं दोन्ही हातांनी ढवळले. तोवर चष्मा मी रुमालातच ठेवला होता.