दुपारची घोडी, दुपारची मेंढी

आमच्या समुद्रपुरात कोणालेही इचारा, ही तानाबाई, म्हणजे मी, दुपारी काय करते? सांगतील, म्हातारी जनावर होते. हसा बाप्पा, हसा. मीच हसतो, तं तुमचं काय घेऊन बसली!

गोष्ट माह्या सुनेची आहे. दीपमाला तिचं नाव. इथल्या ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. अंगानं काडी, पण म्हैस अडली की खांद्यापावतो हात घालून रेडकू ओढून काढते. पयल्यांदा लोक म्हणत, 'ही पोट्टी काय करन?' आता तिची स्कूटी दिसली की चहा टाकतात. घरी आली की साबण लावलावून आंघोळ करते, तरी केसाले गोठ्याचा वास राह्यतेच. मले तो वास आवडते.

माहा अंकित कॅनडात आहे. तिले तिथं न्यायचं म्हणते, पण तिथं आपली डिग्री चालत नाई. लायसनची परीक्षा द्या म्हणे, अन् तीही नुसती गाई-म्हशीची नाई. घोडा, मांजर, डुक्कर, मेंढी, ससा, पोपट, सगळ्याईची! पास झाली तं लायसन, लायसन भेटलं की नोकरी, मंग ती चालली कायमची. अंकित म्हणते, तूही ये. अरे, तिथं मले वळखते कोण? रस्त्यानं जाताना 'कुठं निघाल्या तानाबाई?' असं इचारन कोण? सरळ सांगतो, दीपू पास व्हावी असं मले वाटे, अन् होऊ नये असंही वाटे. अंकितचे बाबा गेल्यापासून या घरात बोलायले तीच एक माणूस आहे.

तिचा एकच घोळ होता. डोळ्यानं पाह्यलेलं ती जन्मात इसरत नाई, अन् पुस्तकातलं सकाळचं संध्याकाळी आठवत नाई. दवाखान्यात येऊन येऊन येते काय? बैल, म्हैस, बकरी. घोडी कोण आणते? एका दुपारी पुस्तकावर डोकं टेकून रडकुंडीले आली.

मी म्हटलं, "काऊन रडून राह्यली वो? घोडी कशी दुखते ते सांग. मी होतो घोडी."

तिले वाटलं थट्टा आहे. मी खरंच चटईवर लेटली.

तवापासून रोजचंच झालं. ती दवाखान्यातून येई, जेवण होई, दार लोटून घ्यायचं अन् कूलर लावायचा. बाहेर ऊन असं, की कुत्रंही नालीत जाऊन बसलेलं. कूलरच्या ओल्या गवताचा वास घरभर. ती हळूहळू वाचे, 'आता तुमी मेंढी. चार वर्षांची. कळपापासून अलग उभी.' मी डोळे मिटो. मंग काय व्हायचं, मले सांगता येत नाई बाप्पा. हातपाय हलके होत. कापूस फुटलेल्या वावरावानी सगळं पांढरं दिसे, ते म्हणे बर्फ. त्या बर्फात मी उभी, अंगावर ही एवढी लोकर, अन् दुरून कोणीतरी माह्याकडे चालत येऊन राह्यलं. ते जवळ येई, खाली बसे, माह्या डोळ्याची पापणी उलटून पाहे. ती दीपूच असे. तिचा हात गार लागे. कवा कवा तं मले वाटे, मी जनमभर मेंढीच होती अन् तानाबाई हे मधात पडलेलं एक सपन होतं.

एखाद दिवशी मी मांजर. कोपऱ्यात धान्याच्या कोठीमागं जाऊन बसो. दीपू सांगे, मांजर दुखणं लपवते, अन् आपली तापाची गोळी तिले दिली तं जीवच जाते. मी कोठीमागून वरडो, "मंग नको देऊ न बाई!"

घोडी मात्र जमे नाई. आपण पाह्यला तो बैल. त्याच्यामुळं घोडी झाली तरी मी आपली निवांत बसून रवंथ करो.

"आई! घोडी रवंथ करत नाई!"

"अवो, मंग दिवसभर करते काय?"

पोटात दुखते म्हटलं की मी ओकारी काढो. दीपू कपाळावर हात मारे. "घोडीले उलटी होत नाई, आई. पोटात गेलेलं परत वर येत नाई तिच्या."

"अवो माय! मंग बिचारीनं करावं काय?"

"म्हणून तं मरते," ती म्हणे. कूलर घरघर करे. त्या न पाह्यलेल्या घोडीचं मले खरंच वाईट वाटे.

परीक्षा झाली. निकाल मोबाईलवर आला तवा ती भाजी चिरत होती. तिनं पाह्यलं, फोन पालथा ठेवला अन् भाजी पुरी चिरली. मंग म्हणाली, "नाई झाली. घोड्यात गेली."

माह्या जिवाले काय गार वाटलं म्हणून सांगू! वरून म्हटलं, "जाऊ दे पोरी, होते," अन् आत लाडू फुटून राह्यले. त्या दिवशी मी तिच्या आवडीच्या पाटवड्या केल्या, रस्सा केला. शेजारच्या लीलाबाईनं इचारलं, आज काय इशेष? मी म्हटलं, काई नाई, असंच.

तिसऱ्या दिवशी ती परसात अंकितसंग फोनवर बोलत होती. मी कपडे वाळू घालून राह्यली होती. ती म्हणाली, "मी आता देत नाई परत. माह्याच्यानं होत नाई ते. राह्यतो इथंच आईजवळ. तुमी येत जा वर्षातून एकदा."

हेच तं मले ऐकायचं होतं. पण तिचा आवाज! त्याच्यात राग नोयता, रडू नोयतं, काईच नोयतं. फोन ठेवून ती ओट्यावर बसली, हात मांडीवर टाकून. एवढ्या मोठ्या म्हशीच्या पोटात हात घालणारी माही पोर, अन् हात असे पडलेले. मले माहाच राग आला. म्हटलं, तानाबाई, तोंडात पाटवडी कशी गेली वो तुह्या?

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेल्यावर मी बस स्टँडमागच्या मोतीलालकडे गेली. वरातीची घोडी आहे त्याची, पांढरी. लग्नसराई सरलेली, घोडी निंबाखाली बांधलेली.

मी म्हटलं, "मोतीलाल, हिचं पोट दुखते तवा ही काय करते, मले दाखव."

"काकू, मुद्दाम पोट दुखवू का तिचं?"

"तोंडानं सांग न मंग!"

त्यानं सांगतलं, अन् मी तिथंच बसली. घोडी उभ्या उभ्याच झोपली होती. मधातच एक कान हले. निंबाची सावली तिच्या पाठीवरून सरकत पोटावर आली. मीही तिच्यासंग डुलकी घेतली असन. झोपेत मले वाटलं, वाजंत्री नाई, वरात नाई, मीच पांढरी होऊन हळूहळू चालून राह्यली, पाठीवर दीपू बसली आहे, अन् गाव कवाचं मागं पडलं. मले जड लागत नोयतं. जागी झाली तवा मोतीलाल पाणी घेऊन उभा. म्हणे, "काकू, ऊन लागलं का?"

दुपारी दीपू जेवली अन् निजायले निघाली. मी दार लोटलं, कूलर लावला, चटई टाकली.

"ये. बस इथं," मी म्हटलं.

"आई, नको आता."

मी आयकलं नाई. उभी राह्यली अन् पायानं जमीन उकरली. मान वळवून माह्याच कुशीकडे पाह्यलं. वरचा होट वर ओढला. मंग बसली, उठली, परत बसली, अन् या म्हातारपणी लोळण घेतली. तोंड हलवलं नाई. रवंथ नाई, ओकारी नाई.

दीपू दाराशीच उभी. पयले हसली. मंग हसणं थांबलं. हळूच येऊन गुडघ्यावर बसली, माह्या कुशीले कान लावला, अन् बराच वेळ तसाच ठेवला.

"आई," ती म्हणाली, "मी गेली तं तुमी एकट्या पडसान."

मी घोडीच होऊन पडून राह्यली. पण डोळ्याचं काय करता! पाणी आलंच, कानावरून चटईवर उतरलं. तिनं ते बोटानं पुसलं.

"घोडी रडते का वो, आई?"

"मले काय माहीत! डॉक्टर तू आहेस," मी म्हटलं. "पुढचं पान काढ."