कोरी नसलेली डिस्क

जरीपटका भागातल्या आमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकली जातात. एक जुना कॉम्प्युटर मात्र सीडी-डीव्हीडीसाठी राखलाय. लोक जुनं शूटिंग पेनड्राइव्हवर घेऊन जातात आणि किस्सा आमच्याकडे ठेवून जातात. मालक मुरलीभाऊ आणि मी, दोघांचीही डोकी भरली. थोडं इथे रिकामं करतो!

*

एकांना लेकीच्या लग्नाची डीव्हीडी हवी होती. मी 'मायनस आर' काढली. प्लस आणि मायनस हे कंपन्यांच्या भांडणातून निघालेले दोन प्रकार, काम एकच.

"शुभ कामात मायनस काहून देता जी? प्लसवाली द्या!"

त्यांचा प्लेअर जुना, त्यात मायनसच नीट चालणार होती. मी समजावून थकलो. मुरलीभाऊंनी मार्कर घेतला आणि डिस्कवर छापलेल्या मायनसच्या आडव्या रेघेवर एक उभी रेघ मारली. गृहस्थ खूश!

*

'आरडब्ल्यू' पुसून पुन्हा वापरता येते, हे एकाला फारच आवडलं.

"मंग हे माह्या लग्नाचं पुसा, अन् साळ्याचं टाका!"

मागे बायको उभी होती. "पुसा न भाऊ," ती शांतपणे म्हणाली, "मले बी मोकळं वाटन!"

त्यानं लगेच नवी डिस्क घेतली.

*

कामठीचे एक पॉवरलूमवाले भाऊ. "सीडीत तासभर गाणे, अन् डीव्हीडीत अख्खा सिनेमा? आकार तर सारखाच हाये!"

"डीव्हीडीवरच्या खुणा बारीक असतात, रांगा दाट."

"म्हणजे वीण बारीक!"

मला स्वतःचा अभिमान वाटला. ते दारापर्यंत गेले आणि परत आले. "धुतल्यावर आटत तर नाही ना गा?"

*

आता शोभाकाकू. काटोलहून बसनं आल्या, सोबत काका आणि छोटी नात. काका संत्र्याच्या बाजारात हर्रास बोलायचे, म्हणजे लिलाव पुकारायचे. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, नात त्यानंतर जन्मली. तिला आजोबांचा आवाज ऐकवायचा होता, आणि तो फक्त लेकाच्या लग्नातल्या, कॅमेऱ्यातच भरलेल्या या लहानशा डिस्कवर होता. सगळ्या दुकानांनी सांगितलं होतं, डिस्क कोरी आहे.

मुरलीभाऊंनी ती उजेडात तिरपी धरली. "कोरी कायची? लिहिलेला पट्टा दिसून राहिला. फायनलाइज केली नसन."

म्हणजे शूटिंग संपलं की कॅमेऱ्यातच डिस्क बंद करावी लागते, तरच ती बाकीच्या मशीनला वाचता येते. हळद, लग्न सगळं एकीवरच मावावं म्हणून लोक ती उघडी ठेवतात आणि विसरतात. आता कॅमेरा त्याच जातीचा हवा, आणि काकूंचा तर भंगारात गेलेला.

मुरलीभाऊंनी ओळखीच्या सगळ्या फोटोग्राफरना फोन लावले. एकाच्या माळ्यावर तसाच कॅमेरा निघाला. डिस्क आत गेली आणि मी कॅमेरा दुकानातल्या स्क्रीनला जोडला.

स्क्रीनवर मांडव दिसला आणि काकांचा आवाज दुकानभर दणाणला. "अरे, त्या पंगतीले वाढा न रे! बुंदी कुठी हाये?"

पाठोपाठ स्क्रीनमधल्या काकू कुजबुजल्या, "अहो, हळू बोला न जी! लोक पाहून राहिले!"

नात एकदा स्क्रीनकडे बघे, एकदा आजोबांच्या तोंडाकडे. काका नुसते हसत होते.

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

"आवाज वाढवा न भाऊ!"