उजव्या खांद्यावरची सावली

बावीस वर्षं मावशी एका चित्रशाळेत मॉडेल म्हणून बसत होत्या. थोरल्या जाऊबाई टोमणा मारायच्या, "तुझं बरं आहे बाई, नुसतं बसायचा पगार!" मावशींचं उत्तर ठरलेलं, "दहा मिनिटं नाक न खाजवता बसून दाखवा, पगार तुमचा."

बसल्या बसल्या त्या बरंच शिकल्या होत्या. मधल्या सुट्टीत मान मोकळी करत चित्रांसमोरून फिरायच्या. कुणी खांद्याची रेघ सगळीकडे सारखी जाड ओढली असेल तर म्हणायच्या, "कुंपण घातलंस की मला! भार पडतो तिथे कोळसा दाब. उजेड असेल तिथे रेघ सोडून दे, बघणारा आपली आपण पुरी करतो."

यंदा नवे सर आले. तिसऱ्याच आठवड्यात सगळ्यांदेखत म्हणाले, "मावशी, राग मानू नका. तुम्हाला आता आम्ही डोळे मिटूनही काढू. पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणी बघतो."

काम जाणार होतंच, पण आपल्यात बघण्यासारखं काही उरलं नाही, हे मावशींना जास्त लागलं. चेहऱ्यावर मात्र त्यांनी काही उमटू दिलं नाही. तेवढा सराव होता.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. त्यांच्या बैठकीच्या डाव्या हाताला खिडकी. रोजचा उजेड तिथूनच. त्यांनी जाड पडदा ओढून घेतला, उभा दिवा सरकवत उजव्या हाताला आणून लावला आणि नेहमीसारख्या बसल्या.

"पडदा का हो, मावशी?" एका मुलीने विचारलं.

"ऊन टोचतंय."

हात झरझर चालू लागले. सरही मुलांच्या बरोबरीने काढत होते.

तासाभराने मावशी बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "सर, उजेड कुठून येतोय ते बघा, आणि मग एकेक कागद बघा."

सर उठले. मुलांच्या अठरांपैकी चौदा कागदांवर मावशींचा उजवा खांदा रोजच्यासारखा काळाभोर होता. छटा सुरेख, हात मुरलेले, पण समोर त्याच खांद्यावर दिव्याचा उजेड लख्ख पडला होता. वर्गात कुजबुज झाली, मग कुणीतरी फिस्सकन हसलं. सर शेवटी स्वतःच्या कागदाशी आले आणि थबकले. तिथेही उजवा खांदा काळा.

"तुम्ही म्हणालात तसंच झालं," मावशी हळूच म्हणाल्या. "डोळे मिटून काढलंत."

सर कानापर्यंत लाल झाले. त्यांनी आपला कागद काढून टाकला, नवा लावला. "दुसरं कुणी नको," ते म्हणाले. "मावशी, अजून तासभर बसाल?"

"बसेन. पण आधी नुसतं बघा. कोळसा खाली ठेवून."

एकोणीस जणांनी कोळसा खाली ठेवला. मावशींनी पाठ ताठ केली, हनुवटी किंचित वर उचलली, आणि त्या सगळ्या नजरा अंगावर सावकाश फिरू दिल्या.