शेवटी हात कशाले लावला होता?

“दाबू नको रे बाबू! आनखी दाबू नको म्हटलं न तुले!”

भंडाऱ्यातल्या एका दवाखान्याचा दुसरा माळा या आवाजानं हादरला. छतावरची पारवं उडाली, सलाईनच्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या, आणि पलीकडच्या खाटेवर तीन दिवस डोळे न उघडलेले एक आजोबा उठून बसले नि चहा मागू लागले. ओरडत होत्या माझ्या वहिनी. एका हाताला सुई, नाकात नळी, छातीवर वायरींचं जाळं, आणि अशा अवस्थेत वॉर्डाच्या दाराशी बसलेल्या कारकुनावर त्यांची तोफ चालू होती. त्याचा गुन्हा एवढाच, की कोणा पेशंटच्या डिस्चार्जचा कागद प्रिंटरमधून निघत नव्हता आणि तो बिचारा छापायचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होता. सतराव्यांदा दाबलं तेव्हा वहिनींचा धीर सुटला. “एकदा सांगून जो आयकत नाही, त्याले सतराखेपा सांगून काय होते? पहिला हुकूम अडकला हाये, बाकीचे सोळा त्याच्यामांगं रांगेत उभे हायेत. पहिले रांग मोकळी कर! खाली कोपऱ्यात प्रिंटरचं चित्र असंन, त्याले उघड, सारे हुकूम पुस, प्रिंटर बंद कर, धा मोज, चालू कर... आन मंग एकदाच सांग. एकदाच!” कारकुनानं मुकाट्यानं दहा मोजले. घर्रर्र करून कागद बाहेर आला आणि अख्ख्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. नळी सावरत वहिनी माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, “पाहिलं न भाऊजी? तुमचाच भाऊ दिसते हा.”

ती आमची शेवटची भेट. चौथ्या दिवशी सकाळी मी आंधळगावच्या चौकात भाजी घेत होतो, तेव्हा पुतणीचा फोन आला. “काका, आई गेली...” एवढंच. हातातली वांगी मी एकेक करून परत टोपलीत ठेवली. का ठेवली, कोण जाणे.

आता दीड महिना झाला. मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, आणि माझी गोष्ट निम्मी करून ऐकायची असा गावाचा जुना रिवाज आहे. पण वहिनींबद्दल जे सांगतोय ते मी स्वतःच आधी निम्मं केलेलं आहे. वाचकांनी आणखी कापू नये.

वहिनी सातवी शिकलेल्या. आमचं घर विणकरांचं. दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारे, आणि वहिनी लग्न होऊन आल्या दिवसापासून त्यांच्या मागाशेजारी बसून कांड्या भरणाऱ्या, तुटले धागे जोडणाऱ्या. पुतणी ज्योती नागपूरला नोकरीला लागली, तिनं नवा कम्प्युटर घेतला आणि जुना घरी आणून ठेवला, तेव्हा वहिनींनी साठी ओलांडली होती. आठ दिवस त्यांनी त्यावर कोशाचं फडकं घालून नुसतं निरखलं, नव्या सुनेला निरखावं तसं. नवव्या दिवशी फडकं काढून जाहीर केलं, “हा माग हाये. बाकी काही नाही.” मी हसलो. तशा म्हणाल्या, “हासा तुमी. माग चालता चालता थांबला, त अडानी मानूस जोरानं पाय मारते आन धा धागे आनखी तोडते. शहाना पहिले पाय उचलते. मंग पाहाते, का शेवटी हात कशाले लावला होता. धागा तिथंच तुटला असते.”

त्यांचं सगळं शास्त्र एवढंच. या एका प्रश्नावर त्यांनी पंचक्रोशीतले कम्प्युटर ताळ्यावर आणले. फोन आला की राम राम नाही, ख्यालीखुशाली नाही. पहिला प्रश्न, “शेवटी हात कशाले लावला होता?” लोक चोरासारखे सांगत, काही नाही जी, आपोआप झालं. “आपोआप फक्त बांधावरचं गवत वाढते,” वहिनी म्हणत. “आठवा.” आणि मग माणसाला हळूहळू आठवे, की नवीन काहीतरी उतरवून घेतलं होतं, किंवा झाडू मारताना वायर सरकली होती, किंवा नातवानं की-बोर्डवर वरण सांडलं होतं. एकोडीच्या एका गृहस्थाचा पासवर्ड कम्प्युटर घेईना, म्हणून त्यानं सख्ख्या साळ्यावर संशय घेऊन दोन महिने अबोला धरला होता. वहिनींनी फोनवर विचारलं, “की-बोर्डावर एखादा दिवा लागून हाये का?” हाये म्हणाला. “मोठ्या अक्षराचं बटन दबून हाये, त्याले विझवा. आन साळ्याले जेवाले बोलवा.” नाकाडोंगरीला माझ्या एका जुन्या सोबत्याचा कम्प्युटर पाव तास चाले आणि फट्कन मरे. वहिनी रंगाचा कोरडा कुंचला पिशवीत टाकून बसनं तिकडे गेल्या. आधी वायर भिंतीतून काढली, मगच डब्बा उघडला. आत इतकी धूळ होती, की धानाचे पऱ्हे टाकले असते तर आठ दिवसांत लावणीला आले असते, आणि पंख्याच्या मागे एक पाल नातवंडांसह सुखानं नांदत होती. “याले श्वास घेऊ देत नाही, म्हणून हा बसते,” म्हणत वहिनींनी पंखा झाडला, डब्बा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, पालीला सन्मानानं खिडकीबाहेर सोडलं. तो कम्प्युटर अजून चालतो. पुढे पुढे तर अशी वेळ आली, की वहिनी गल्लीच्या तोंडाशी दिसल्या तरी आतले कम्प्युटर भीतीनं आपोआप सुरू व्हायचे.

माझी तर त्यांनी अब्रूच वाचवली. एके दुपारी माझ्या पडद्यावर लाल पाटी आली, भोंगा वाजायला लागला. तुमचा कम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरावर फोन करा. मी फोन हातात घेतला, नंबर दाबू लागलो, शेवटचे तीन आकडे राहिले होते, तेवढ्यात वहिनी ताकाची कासांडी घेऊन आल्या. कासांडी एका हातात, माझा फोन दुसऱ्या हातात. “जो दारात उभा राहून वरडते का तुमच्या घरात चोर शिरला, चोर तोच असते भाऊजी! खिडकी बंद होत नसंन त कम्प्युटरच बंद करा, पन हा नंबर लावू नका.” मी म्हटलं, अहो पण तिथं स्वच्छ लिहिलंय! “लिहिनाऱ्याचा हात कोनी धरला हाये? तुमी बी लिहिताच की.”

पण हे सारे गावाचे उद्योग झाले. वहिनींचं खरं काम वेगळंच होतं, आणि ते संध्याकाळी दिवे लागल्यावर सुरू होई. दादांच्या डोक्यात काठ होते. कोशाच्या लुगड्याचे काठ... करवतीचे, सारसाच्या मानेचे, बाभळीच्या फुलाचे, तळ्यावरच्या लाटेचे. वाडवडिलांनी चौकटीच्या कागदावर काढून ठेवलेले नमुने पेटीत होते, ते उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ले. आणि पाठोपाठ दादांची नजर अधू होत गेली, इतकी की समोर बसलेला माणूस त्यांना आवाजावरून ओळखावा लागे. काठ आता एका म्हाताऱ्याच्या डोक्यात तेवढे उरले. एक दिवस वहिनींना कम्प्युटरमधलं ते पान दिसलं, ज्यात लोक हिशेब मांडतात. आडव्या-उभ्या रेघा, लाखो चौकोनी घरं. त्या ओरडल्या, “अवो, हा त आपला नमुन्याचा कागद हाये!” जगात त्या पानाचा असा उपयोग दुसऱ्या कोणी केला असेल तर मला दाखवा, मी आपली मिशी उतरवतो. एक घर म्हणजे एक धागा. दादा मागाजवळ डोळे मिटून बोलायचे, “कोरे दोन, लाल एक, कोरा एक...” आणि वहिनी घरामागून घर रंगवायच्या. अधूनमधून भांडण. “एक लाल जास्त झाला.” “तुमीच सांगितला.” “मी नाही सांगितला.” “मंग काय मागानं सांगितला?” असे एकशे दहा काठ झाले.

आणि ठेवायची शिस्त अशी, की बँकेनंही शिकावी. “एका जागी ठेवलं म्हंजे ठेवलंच नाही,” हा त्यांचा दुसरा मंत्र. एक प्रत कम्प्युटरमध्ये, एक दर महिन्याला ज्योतीला पाठवलेली, आणि एक पेनड्राइव्हमध्ये. तो पेनड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यात ओवलेला आणि ते जुडगं कायम कमरेला. त्या चालल्या की घर वाजायचं.

एकशे अकरावा काठ आमच्या मायचा. मायनं तो आयुष्यात एकदाच, स्वतःच्या लुगड्याला विणला होता आणि ते लुगडं नेसूनच ती गेली. दादा तेव्हा सात-आठ वर्षांचे, मागाशी बसून तिला कांड्या भरून देत होते. त्याची ओळ न् ओळ त्यांना इतक्या वर्षांनी तुकड्यातुकड्यानं आठवत गेली. आठ संध्याकाळी लागल्या. शेवटची ओळ सांगून झाली, आणि त्याच रात्री वहिनींच्या छातीत कळ आली.

तेराव्यानंतर ज्योतीनं कम्प्युटरचं बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर पांढरी एक ओळ : सुरू व्हायला डिस्क सापडत नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. ज्योतीजवळच्या प्रतीत एकशे दहा काठ होते. एकशे अकरावा नव्हता. वहिनींचं जुडगं दवाखान्यातून आलं होतं, किल्ल्या सगळ्या होत्या, पेनड्राइव्ह मात्र नव्हता. घर उलटंपालटं केलं. तांदळाच्या कोठ्या उपसल्या. शेवटी ज्योती वही घेऊन बापाजवळ बसली. “बाबा, तुमी परत सांगा, मी लिहून घेते.” दादांनी बोटांवर धागे मोजून पाहिले. मग म्हणाले, “आता नाही आठवत, पोरी. सांगितलं तवा डोक्यातून उतरलं. तिले देऊन टाकलं.” त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही.

मी भंडाऱ्याहून एक तज्ज्ञ आणला. त्यानं पाच मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, “डिस्क गेली, काका. नवीन टाकू, ही फेकून द्या.” स्क्रू काढायला त्यानं हत्यारही काढलं. मी मान डोलावली. तोवर मी स्वतः ते बटण किती वेळा दाबलं होतं, हे मोजायला नको. सतराच्या वर नक्की. पुन्हा एकदा म्हणून बोट पुढे नेलं, आणि देवाशपथ सांगतो, कानाच्या पडद्यावर कोणीतरी लाटणं मारलं : दाबू नका!

“थांबा हो,” मी तज्ज्ञाला म्हटलं. आणि मागाजवळ बसलेल्या दादांकडे वळून विचारलं, “दादा, दवाखान्यात जायच्या आधी वहिनीनं शेवटी हात कशाले लावला होता?”

दादांची नजर गेली, पण कान शाबूत आहेत. त्यांनी मान कलती केली, जसा तो आवाज आत्ता येतोय. “जुडगं वाजलं. कम्प्युटराच्या पाठीमांगं. मंग तिनं ह्याले बंद केलं. मी म्हटलं, चाल लवकर, गाडी आली. तिनं म्हटलं, राहू द्या तिथंच, आल्यावर काढीन.”

मी भिंत आणि डब्ब्याच्या मधल्या त्या वीतभर जागेत हात घातला. बोटांना आधी धूळ लागली, आणि मग... एक चपटा, गुळगुळीत तुकडा. छातीत कळ येत असताना त्या बाईनं जुडग्यातून पेनड्राइव्ह सोडवून मायचा काठ दुसऱ्या जागी ठेवला होता! आणि कम्प्युटर बिचारा जागा होताना पहिले त्या पेनड्राइव्हात आपलं डोकं शोधत होता. तिथं त्याला नुसतेच काठ सापडत होते, म्हणून रुसून बसला होता. हरवलेली वस्तू आणि बिघाड, दोन्ही एकाच भोकात. मी पेनड्राइव्ह उपसला. धा मोजले. बटण दाबलं. एकदाच!

पडद्यावर आमचा माग उजळला. ज्योतीनं पान उघडलं, आणि एकशे अकरा आकड्याखाली मायचा काठ लाल-कोऱ्या घरांत लखलखत उभा राहिला. मी जी आरोळी ठोकली, ती ऐकून तलावावरचे बगळे उडाले ते म्हणे बालाघाटात जाऊन उतरले. तज्ज्ञानं हत्यार खिशात घातलं आणि माझ्या, म्हणजे खरं तर वहिनींच्या, पायाला हात लावला. अर्धं गाव दारात जमलं. कोणी पेढे आणले, कोणी नुसतेच खाल्ले. ते जुडगं, पेनड्राइव्हासकट, आता मागाच्या खुंटीला टांगलेलं आहे. वारा आला की वाजतं, आणि मी अजूनही दचकून बटणावरचा हात काढतो.

त्या गर्दीसमोर ज्योतीनं दादांना काठ वाचून दाखवला. कोरे दोन, लाल एक... चौसष्ट ओळी. श्वास रोखून लोक ऐकत होते, दादा डोळे मिटून. शेवटची ओळ संपली. मी रडत-हसत त्यांचे खांदे हलवले, म्हटलं, “दादा, सापडला! मायचा काठ सापडला! बोल ना काही!”

दादा म्हणाले, “छत्तिसाव्या ओळीत एक लाल जास्त हाये. मी तिले तवाच म्हटलं होतं.”