मामांचा राजीनामा

आमचे मामा घड्याळं दुरुस्त करायचे, पण कुणी विचारलं की आधी सांगत, "मी चर्चचा वॉर्डन!" एकोणीस वर्षं त्यांनी ते पद मिरवलं. लोकांना जागेवर बसवणं, खिडक्या उघडणं, डोकी मोजून वहीत आकडा लिहिणं, आणि पितळी मुठीची काठी घेऊन पाळकांच्या पुढे चालणं. चालताना असा तोरा, की नवख्याला वाटावं, बिशप हेच.

मामी तिसऱ्या बाकावर बसत. शेजारी पर्स ठेवून मामांची जागा धरत. "जरा बसा की," त्या म्हणायच्या. "काम आहे," म्हणत मामा पुढे सटकायचे. ऑर्गन वाजवायला मी समोरच असे, त्यामुळे हे दर रविवारी दिसायचं.

वॉर्डन वार्षिक सभेत निवडतात. दर वर्षी मामा उठून म्हणत, "आता मला मोकळं करा." लगेच गलका, "छे छे, तुमच्याशिवाय कोण?" मग आढेवेढे घेऊन मामा तयार होत. त्या आढेवेढ्यांचा सराव घरी आरशासमोर चाले; मी पाहिलाय.

यंदा पाळक नवे होते. मामांनी वाक्य टाकलं आणि गलका व्हायच्या आत पाळक म्हणाले, "तुमच्या इच्छेचा आम्ही मान राखतो." वर टाळ्याही वाजवल्या. मामांचा चेहरा खर्रकन उतरला.

"मग कोण उभं राहतंय?" त्यांनी विचारलं. कामाचं नाव निघालं की आमची मंडळी आपापले बूट न्याहाळते. मामांच्या जिवात जीव आला, तोच मामींचा हात वर.

"मी राहते. नाहीतरी चर्चच्या चाव्या दर रविवारी मीच शोधून देते."

एकमताने निवड झाली. मामांनी चार दिवस अबोला धरला. मामी चाव्यांना रंगीत दोरे बांधण्यात गुंतल्या होत्या, त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

रविवारी मामा तिसऱ्या बाकावर एकटे. आधी त्यांनी मामींच्या चुका शोधल्या. एकच सापडली, काठी डाव्या हातात. मग काही उद्योगच उरला नाही. त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढून शेजारी ठेवलं. उशिरा आलेले एक गृहस्थ तिथे टेकू लागले, तर मामा म्हणाले, "जागा धरलीय."

मामी डोकी मोजत आल्या.

"जरा बस की," मामा कुजबुजले.

"काम आहे," म्हणत त्या पुढे गेल्या.

मला आधी हसू फुटलं. मग मामींची पर्स आठवली आणि पुढच्या गीताचा पहिलाच सूर चुकला.